फ्लास्कमधला कडुनिंब आणि एक किलो गराचा हिशेब

टिश्यू कल्चर म्हटलं की जळगाव-सोलापूरकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे केळीचं रोप उभं राहतं. एका चांगल्या कंदापासून हजारो सारखी रोपं, विषाणूमुक्त, एकाच वेळी निसवणारी. या प्रकरणात रोप नकोच आहे. कडुनिंबाच्या पानाचा तुकडा घ्यायचा, त्याच्या पेशी साखरेच्या पाण्यात वाढवायच्या आणि झाड निंबोळीत जे कीटकनाशक बनवतं ते त्या पेशींकडूनच बनवून घ्यायचं. झाड नाही, फळ नाही, पावसाची वाट पाहणं नाही.

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकवतो. प्रकल्पाचे विषय ठरवायची वेळ आली की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, कडुनिंबाचा कॅलस करून अझाडिरॅक्टिन काढता येईल का?" कॅलस म्हणजे पेशींचा गोळा, अझाडिरॅक्टिन म्हणजे निंबोळीतलं ते कीटकनाशक. येतं. तीस वर्षांपूर्वीच काढून झालंय. मग दुसरा प्रश्न येतो, आणि तो खरा अवघड आहे: "मग कृषी सेवा केंद्रात ते का मिळत नाही?" तिथं मिळणाऱ्या १५०० पीपीएम, १०,००० पीपीएमच्या सगळ्या बाटल्या अजूनही निंबोळीतूनच येतात. हे प्रकरण त्या दुसऱ्या प्रश्नासाठी मांडतोय.

टोळांनी सोडलेलं झाड

सुदान, १९५९. टोळधाड येऊन गेली, हिरवं म्हणून काही उरलं नाही, पण कडुनिंबाची झाडं जशीच्या तशी उभी. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटेरर यांनी हे पाहिलं आणि पुढची सगळी कारकीर्द या झाडाला दिली. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत प्रधान, जोतवानी आणि राय यांनी १९६२ मध्ये निंबोळीच्या बीच्या आतला गर वाटून पाण्यात कालवला आणि पिकांवर फवारला. त्या वर्षी टोळ दिल्लीपर्यंत आले होते. फवारलेल्या पिकांवर ते बसले, पण खाल्लं नाही. आपल्याकडे धान्याच्या कणगीत पाला घालणाऱ्या आजीला यात नवल वाटलं नसतं, पण मोजमापासह सिद्ध होणं ही वेगळी गोष्ट असते.

यामागचं मुख्य द्रव्य वेगळं केलं ते इंग्लंडच्या कील विद्यापीठात, १९६८ मध्ये, बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी. त्याचं नाव अझाडिरॅक्टिन. ३५ कार्बन, १६ ऑक्सिजन आणि इतक्या गुंतागुंतीच्या कड्या की त्याची नेमकी रचना पक्की व्हायला १९८५ उजाडलं. केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाने ते प्रयोगशाळेत पायरी पायरीने जुळवायला घेतलं आणि २००७ मध्ये पूर्ण केलं. बावीस वर्षं, ७१ पायऱ्या, आणि शेवटी हाती आलेला उतारा ०.०००१५ टक्के. रसायनशास्त्राचा हा पराक्रमच, पण फवारणीच्या पंपाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे कारखान्यात रसायनांपासून हे बनवणं बाद. उरल्या दोनच वाटा, झाड किंवा झाडाच्या पेशी.

हे द्रव्य मारतं कसं, तेही सांगायला हवं. अझाडिरॅक्टिन अळीला दोन बाजूंनी पकडतं. एक तर खाण्यावरची वासना उडते. दुसरं, कात टाकण्यासाठी अळीच्या शरीरात एक्डायसोन नावाचं संप्रेरक वेळेवर वाढावं लागतं, त्याचं वेळापत्रकच बिघडतं. अळी जुन्या कातडीत अडकते, किंवा कात टाकताना मरते. याला दिवस लागतात. म्हणून फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी शेतकरी बांधावरून ओरडतो, "औषध मारलं तरी अळी हिंडतीच की!" हिंडते, पण पान कुरतडलेलं नसतं. हे त्याला पटवणं हे विक्रेत्याचं निम्मं काम.

निंबोळीची खरी अडचण

कडुनिंब मार्च-एप्रिलमध्ये फुलतो, निंबोळी पिकते जून-जुलैत, म्हणजे नेमकी पावसाच्या तोंडावर. झाडाखाली पिवळा सडा पडतो. तो गोळा करायचा, बीभोवतीचा गोड मगज धुऊन काढायचा, बी सावलीत वाळवायचं. यात एखादा दिवस चुकला की खेळ संपला. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गोदामात ताडपत्रीखालच्या ढिगात हात घातला होता. बाहेरून वाळलेलं दिसणारं बी आतून कोमट लागलं, भट्टीतली राख निवत असावी तसं. मुठीत घेऊन फोडलं तर गर हिरवट-काळा, वर बुरशीची पांढरी लव. असं बी पेंडेला चालतं, कीटकनाशकाला नाही. त्यात अझाडिरॅक्टिन घटलेलं असतंच, शिवाय ॲस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन सोडते ते वेगळंच.

दुसरी अडचण झाडाझाडांतल्या फरकाची. कडुनिंब बियांपासून उगवतो, परागीभवन परक्या झाडाशी होतं, त्यामुळे दोन झाडं सारखी नसतात. एकाच गावात एका झाडाच्या गरात जेवढं अझाडिरॅक्टिन सापडेल त्याच्या कित्येक पट शेजारच्या झाडात सापडू शकतं. साधारणपणे गराच्या वजनाच्या ०.२ ते ०.६ टक्के धरतात. गोण्या भरणाऱ्याला हे डोळ्यांनी कळत नाही.

तिसरी अडचण अलीकडची. २०१५ पासून देशातला सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊनच विकायचा असा नियम झाला, आणि निंबोळीला दुसरा मोठा गिऱ्हाईक मिळाला. गोळा करणाऱ्या बायकांच्या दृष्टीने चांगलंच झालं, कीटकनाशक बनवणाऱ्याला स्पर्धा वाढली.

या तिन्ही अडचणींवर पेशी संवर्धन हा कागदावर अचूक तोडगा आहे. पेशी बारा महिने वाढतात. सगळ्या एकाच वंशाच्या, म्हणून माल एकसारखा. बुरशीचा प्रश्न नाही, कारण बुरशी शिरली तर ती बॅचच फेकावी लागते. गंमत म्हणजे हे शेवटचं वाक्य मी विद्यार्थ्यांना फायदा म्हणून सांगतो आणि आठवड्याभरात तेच वाक्य तोटा म्हणून त्यांच्या वहीत सापडतं.

फ्लास्कच्या आत

कडुनिंबाचं पान साफ करणं हेच पहिलं युद्ध. साबणाचं पाणी, मग मर्क्युरिक क्लोराइड किंवा ब्लीच, मग निर्जंतुक पाण्याने तीन-चार धुण्या. द्रावण तीव्र झालं तर पेशी मरतात, सौम्य राहिलं तर पानाच्या शिरांत दडलेले जंतू तिसऱ्या दिवशी हजर. यातून वाचलेला तुकडा मुराशिगे-स्कूग माध्यमावर ठेवायचा. क्षार, जीवनसत्त्वं, लिटरला ३० ग्रॅम साखर आणि दोन प्रकारची संप्रेरकं. कडुनिंबात फिनॉल भरपूर. कापलेली कड काही तासांत चहासारखी तपकिरी होते आणि तो रंग भोवतालच्या अगारमध्ये, म्हणजे माध्यमाच्या जेलीत, झिरपत जातो. मुलं घाबरतात, "सर, मेलं वाटतं." बहुतेक वेळा खरंच मेलेलं असतं.

जगलेल्या तुकड्यावर दोन-तीन आठवड्यांत फिकट पिवळसर, भुसभुशीत गोळा येतो. तो कॅलस. बोटाने दाबला तर रवाळ पेढ्यासारखा फुटावा, चिकट ढेकूळ असेल तर उपयोगाचा नाही. असा कॅलस द्रव माध्यमात घालून फ्लास्क शेकरवर फिरवला की पेशींचा पातळ रवा तयार होतो. त्याला सस्पेन्शन कल्चर म्हणायचं. आमच्याकडे पहिल्या वर्षी एकदा रात्री वीज गेली, शेकर थांबला, सकाळपर्यंत पेशी तळाशी बसल्या आणि हवेवाचून गुदमरल्या. इन्व्हर्टर होता, पण त्यावर शेकर जोडलेलाच नव्हता. ही चूक माझीच.

कॉलेजच्या पातळीवर गोष्ट इथेच थांबते. मोठ्या पातळीवरची नीट नोंदलेली आहे. ॲबर्डीन आणि कीलच्या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये फ्लास्कमध्ये वाढवलेल्या कडुनिंबाच्या ऊतींतून अझाडिरॅक्टिन मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. २००२ मध्ये ॲबर्डीनच्याच गटाने केसाळ मुळांचा मार्ग दाखवला. ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजेनिस हा जिवाणू झाडाला डसला की आपल्या डीएनएचा एक तुकडा पेशीत घुसवतो आणि तिथून बारीक, फांद्याफांद्यांची मुळं फुटू लागतात. या मुळांना संप्रेरक घालावं लागत नाही, ती भराभर वाढतात आणि द्रव्य बनवायची सवय विसरत नाहीत. साध्या सस्पेन्शनचा हाच मोठा आजार आहे. वर्षभर पुन्हा पुन्हा नव्या माध्यमात टाकलेल्या पेशी वाढतात छान, पण द्रव्य हळूहळू कमी करतात. घरजावई जसा.

भारतात या विषयावर सगळ्यात चिकाटीचं काम आयआयटी दिल्लीत झालं. अशोक श्रीवास्तव यांच्या गटाने, सुरुवातीला दिल्ली विद्यापीठाचे भोजवानी यांच्यासह, २००० नंतरचं दशकभर एकेक अडसर काढला. जास्त द्रव्य देणारा पेशीवंश निवडणं, माध्यमातलं नायट्रेट आणि फॉस्फेट तोलणं, पेशींना 'चिथावणी' देणारी द्रव्यं घालणं. चिथावणी हा माझा शब्द. झाडावर बुरशी हल्ला करते तेव्हा ते संरक्षक रसायनं वाढवतं. तोच भास जॅस्मोनिक आम्ल किंवा बुरशीचा अर्क घालून पेशींना द्यायचा.

सगळ्यात शिकण्यासारखा अडसर ढवळणीचा. जिवाणू एक-दोन मायक्रॉनचा टणक गोळा. वनस्पतीची पेशी त्याच्या कित्येक पट मोठी, आत पाण्याची पिशवी, बाहेर कडक भिंत. जोरात ढवळलं तर फुटते, हळू ढवळलं तर तळाशी बसून प्राणवायूवाचून मरते. ताक घुसळताना रवी वेगात फिरवून चालते, पण भिजलेले पोहे रवीने ढवळून बघा. आयआयटीच्या २००७ च्या प्रयोगात बाकावर मावणाऱ्या बायोरिॲक्टरमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या टाकीत, दोन प्रकारची पाती तपासली. एका प्रकारात दहा दिवसांत लिटरमागे १५.५ ग्रॅम कोरडं पेशीद्रव्य आणि सुमारे ५० मिलिग्रॅम अझाडिरॅक्टिन मिळालं. पेशींना कमी ताण देणारी, केंद्रापासून बाहेर फेकणारी पाती लावल्यावर १८.७ ग्रॅम आणि सुमारे ७० मिलिग्रॅम. नुसती ढवळणी बदलून हे साधलं.

विज्ञान म्हणून ही सरळ सरळ जीत आहे. झाड वर्षाला एकदा देतं ते दहा दिवसांत मिळालं.

आता वहीचं मागचं पान

इथून पुढचा हिशेब माझा. आकडे ढोबळ आहेत, पण बाजू कुणाची भारी ते कळायला पुरेसे आहेत.

एका हेक्टरला एका फवारणीत दहा ग्रॅम अझाडिरॅक्टिन लागतं असं धरू, म्हणजे एकरी चार ग्रॅम. गरात ०.३ टक्के धरलं तर एक किलो गरात तीन ग्रॅम. एकराला सव्वा ते दीड किलो गर झाला. काढताना निम्मं वाया गेलं तरी पावणेतीन किलो.

तेच चार ग्रॅम पेशींकडून हवे असतील तर लिटरला ७० मिलिग्रॅमने ५७ लिटर संवर्धन लागेल. वाया काहीच गेलं नाही असं धरून. ५७ लिटर म्हणजे १२१ अंशांवर वाफवलेलं, गाळलेल्या हवेवर दहा दिवस ठरलेल्या तापमानात ढवळलेलं, एकही जंतू न शिरलेलं माध्यम. त्यात लिटरला ३० ग्रॅमने साखरच १.७ किलो. म्हणजे पेशींना जेवढी साखर खाऊ घालायची तिचं वजनच झाडाखाली पडलेल्या गराच्या वजनापेक्षा जास्त. मी हे फळ्यावर मांडतो तेव्हा वर्गात एकदम शांतता होते. एक मुलगी म्हणाली होती, "सर, मग ती साखर चहात घालून निंबोळ्या वेचायला गेलेलं बरं."

दुसरी बाजूही मांडू, कारण टाकी वर्षभर चालते आणि झाड चालत नाही. एक हजार लिटरची टाकी, बाकावरचा उतारा मोठ्या टाकीतही टिकतो असं उदारपणे गृहीत धरून. धुणं, वाफवणं, भरणं धरून बॅचला दोन आठवडे, म्हणजे वर्षाला पंचवीस बॅच. एका बॅचला ७० ग्रॅम, वर्षाला पावणेदोन किलो अझाडिरॅक्टिन. गराच्या भाषेत साधारण ५८० किलो. एका मोठ्या झाडाची चाळीस किलो निंबोळी, तिच्यातून चार किलो गर धरला तर जेमतेम दीडशे झाडांची बरोबरी. एखाद्या तालुक्याच्या रस्त्याच्या कडेला याहून जास्त झाडं असतात, त्यांना कुणी पाणी घालत नाही आणि त्यांचं वीजबिलही येत नाही.

या सगळ्यात माझ्या मते एकच आकडा पुरेसा होता आणि तो शोधनिबंधातच आहे. ५० मिलिग्रॅम भागिले १५.५ ग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम कोरड्या पेशींत ३.२ मिलिग्रॅम. ०.३२ टक्के. गरातही तेवढंच! म्हणजे पेशींनी निंबोळीची बरोबरी केली, आणि नेमकी तीच पंचाईत झाली. फ्लास्कमध्ये वाढवलेला प्रत्येक ग्रॅम हा जमिनीवर पडलेल्या गराच्या एका ग्रॅमइतकाच कसदार निघाला. फरक एवढाच की एक झाडाने फुकट बनवला आणि दुसरा आपण निर्जंतुक खोलीत, विकतच्या साखरेवर.

जिथे हे जमलं

पेशी संवर्धन धंद्यात कुठेच चाललं नाही असं मात्र नाही. जपानच्या मित्सुई कंपनीने १९८३ मध्ये शिकोनिन हा लाल रंग पेशींतून बनवून बाजारात आणला, लिपस्टिकमध्येही वापरला गेला. तो ज्या वनस्पतीच्या मुळांतून यायचा तिची मुळं काढणीला यायला काही वर्षं लागतात आणि मुळांत रंग एक-दोन टक्के. निवडलेल्या पेशीवंशात तो वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर गेला. पेशींनी मुळांना बरोबरी न साधता कैक पटींनी मागे टाकलं. वर तो रंग किलोला हजारो डॉलरने विकला जात होता.

कॅन्सरवरचं पॅक्लिटॅक्सेलही असंच. ते यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून यायचं, साल सोलली की झाड मरायचं आणि झाड वाढायला पिढ्या लागायच्या. जर्मनीतल्या टाक्यांत आज ते पेशींतून येतं, आणि त्यातली एकेक टाकी ७५,००० लिटरपर्यंतची आहे. वनस्पतीच्या पेशी एवढ्या मोठ्या टाकीत जगतात हेच पुष्कळांना खरं वाटत नाही. तिथे रुग्णाला लागणारी मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजली जाते आणि तिची किंमत औषधाची असते, एकराची नव्हे.

कीटकनाशकांत दुसरं नाव घेतलं जातं ते पायरेथ्रमचं. केनियात आणि टास्मानियात शेतात वाढणारी शेवंतीच्या कुळातली पांढरी फुलं. तिथे कॅलस पहिल्याच फेरीत बाद होतो. पायरेथ्रिन हे फुलाच्या विशिष्ट तैलग्रंथींत साठतं, आणि कॅलसच्या गोळ्यात ना फूल ना ग्रंथी. रूप न घेतलेल्या पेशी ते द्रव्य नावालाच बनवतात. त्या मानाने कडुनिंब उदारच म्हणायचा.

शुद्ध माल, आणि मावा

पेशींच्या बाजूने वकिली करताना एक मुद्दा हमखास येतो: संवर्धनातला माल स्वच्छ, एकजिनसी, नेमका. मलाही तो पटायचा. मग कॅनडातला १९९५ चा एक प्रयोग वाचला. फेंग आणि इस्मन यांनी पीचवरच्या हिरव्या माव्याच्या चाळीस पिढ्या दोन गटांत वाढवल्या. एका गटावर शुद्ध अझाडिरॅक्टिन, दुसऱ्यावर तेवढंच अझाडिरॅक्टिन असलेला निंबोळीचा अर्क. शुद्ध द्रव्यावरच्या माव्यात नऊ पट प्रतिकार तयार झाला. अर्कावरच्या माव्यात काहीच झाला नाही.

निंबोळीत अझाडिरॅक्टिनबरोबर सॅलॅनिन, निंबिन आणि त्यांची डझनावारी भावंडं असतात. त्यातलं एकेक दुबळं, पण सगळी मिळून किडीला एकाच कुलपाची किल्ली शोधू देत नाहीत. म्हणजे कारखान्याला जो कचरा वाटतो तो शेतात पहारेकरी निघतो. आपल्याकडची पाच टक्के अर्काची जुनी पद्धत, पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, साबणाचा चुरा विरघळवून शंभर लिटर करायची, ती या दृष्टीने अडाणी अजिबात नाही. फक्त अर्क त्याच दिवशी संध्याकाळी फवारायला हवा, कारण अझाडिरॅक्टिनला ऊन सोसत नाही. पेशींतून आलेल्या शुद्ध द्रव्यालाही ते सोसत नाही. या बाबतीत दोघं सारखेच नाजूक.

मग त्या पेशींचं काय करायचं?

या प्रकरणावर मी मुलांना दोन गोष्टी तपासायला लावतो. त्यातून पुढे काय करायचं ते ती ठरवतात.

पहिली पुण्याची. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तुळसीराम यांच्या गटाने कडुनिंबाच्या सस्पेन्शन पेशी वापरल्या, पण कीटकनाशक विकायला नाही. त्यांना झाड अझाडिरॅक्टिनची वीट कुठून आणतं हे बघायचं होतं. पेशीत अशा विटा बनवायचे दोन मार्ग असतात, एक मेव्हालोनेटचा आणि दुसरा हरितलवकांतला. अख्ख्या झाडाला खुणेचा कार्बन पाजून हे शोधणं म्हणजे नदीत रंग टाकून कुठल्या विहिरीत उतरतो ते बघणं. फ्लास्कमधल्या पेशींना मात्र खुणेच्या कार्बनचं ग्लुकोज नेमकं भरवता येतं, आणि एकेक मार्ग औषध घालून बंदही करता येतो. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: विटा मेव्हालोनेट मार्गाच्या. शिवाय अझाडिरॅक्टिनला चिकटलेला टिग्लॉइल नावाचा तुकडा आयसोल्युसिन या अमिनो आम्लातून येतो हेही कळलं. हे काम झाडावर जवळपास अशक्य होतं. इथे लिटरला किती मिलिग्रॅम हा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरी गोष्ट दिल्लीची, आणि ती आपल्याला केळीकडे परत नेते. भोजवानी यांच्याच गटाने प्रौढ कडुनिंबाच्या फांदीच्या डोळ्यांपासून टिश्यू कल्चरने हुबेहूब रोपं करून दाखवली. झाडाझाडांत कित्येक पट फरक असेल, तर जास्तीत जास्त अझाडिरॅक्टिन देणारं झाड शोधून त्याचीच रोपं बांधावर का लावू नयेत? टाकी नको, साखर नको. वाट मात्र पाहावी लागते, कडुनिंब नीट फळायला काही वर्षं घेतो. म्हणून या कामाला पैसा देणारा सापडत नाही. तीन वर्षांच्या प्रकल्पात झाड फळत नसतं, फ्लास्क मात्र दहा दिवसांत फळतो. माझ्या मते बायोरिॲक्टरवर जेवढी वर्षं खर्ची पडली त्यातली निम्मी या झाडांच्या निवडीवर जायला हवी होती. हे म्हणणं सोपं आहे हे मला माहीत आहे. त्या वेळी मी स्वतः प्रकल्प लिहायला बसलो असतो तर फ्लास्कच मागितले असते.

या दोन्हींपलीकडची एक वाट परदेशात उघडतेय. २०२३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या गटांनी मिळून लिंब-संत्र्याच्या कुळातून आणि बकाणनिंबातून २२ विकरं (एन्झाइम) शोधली, त्यांची जनुकं तंबाखूच्या जातभाईच्या पानांत घातली आणि त्या पानांकडून अझाडिरोन बनवून घेतलं. अझाडिरोन हे या घराण्यातलं साधं, धाकटं भावंड. तिथून अझाडिरॅक्टिनपर्यंत अजून बऱ्याच ऑक्सिजनची जोडतोड आणि एका कडीची मोडतोड करावी लागते. पुढेमागे ही जनुकं यीस्टमध्ये बसली तर लिटरचा आकडा मिलिग्रॅममधून ग्रॅममध्ये जाऊ शकतो, आणि तेव्हा माझं वहीचं मागचं पान पुन्हा लिहावं लागेल. सव्वा किलो गराशी झुंजायला लिटरला निदान काही ग्रॅम हवेत.

यंदाच्या प्रकल्पात एका गटाने कॅलसचा विषय सोडला. कॉलेजच्या आवारात आणि शेजारच्या वाडीत मिळून चाळीस झाडांना त्यांनी पत्र्याचे नंबर ठोकलेत. प्रत्येक झाडाची निंबोळी वेगळ्या पिशवीत, गराचं वजन वेगळं, अर्क वेगळा, आणि अळ्यांना देऊन बघायचं पान वेगळं. सतरा नंबरच्या झाडाखाली शेजारच्या मावशी निंबोळ्या वेचायला बसल्या होत्या. मुलांनी थांबवलं तर म्हणाल्या, "घ्या बाबांनो, तुमच्या पिशवीत टाकते, पण ह्या झाडाची दरवर्षीच जास्त कडू असते." मुलांनी वहीत मावशींच्या नावानिशी तशी नोंद केली आहे. अर्काची तपासणी अजून व्हायची आहे.